सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्यांची बाजू

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी घाटातल्या मोथा गावापासून चिखलदऱ्यापर्यंत गाड्यांची रांग लागली, की सोमवारी एक ठरलेलं प्रवचन ऐकायला मिळतं. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे लोक हा चिखलदऱ्याला लागलेला रोग आहे, असं ते सुरू होतं. हे लोक खर्च करत नाहीत, कचरा मात्र करतात. पॉइंटवर फोटो काढला की उतरले. त्यांना ना जंगल कळतं ना गड. खरा पर्यटक तो, जो दोन-तीन रात्री राहतो. तेव्हा एका दिवसाच्या पाहुण्यांवर भरभक्कम शुल्क लावा, जमलं तर मुक्कामाची पावती दाखवेल त्यालाच घाट चढू द्या. याला दाखला कुठला? युरोपचा. व्हेनिसमध्ये पैसे घेतात, काप्री बेटावर घेतात, आणि आपण दार सताड उघडं टाकून बसलो आहोत.

असं म्हणणाऱ्यांपैकी काहींनी ती बेटं खरंच पाहिलेली असतात. पण कशी? सकाळी नेपल्स नाहीतर सोरेंटोहून बोट, दुपारी काप्रीच्या चौकात महागडी कॉफी, दिवेलागणीला पुन्हा मुख्य भूमीवरच्या हॉटेलात. आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात काप्री बहुतेक अशीच एका दिवसाची असते. त्या दिवसाचे फोटो घरोघरी दाखवून होतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही की बाप्पा, एका दिवसात तुला काय बेट कळलं? हाच प्रश्न परतवाड्याहून दुचाकीवर आलेल्या पोट्ट्याला मात्र हटकून विचारला जातो.

एका दिवसात काय कळतं, तेच आधी पाहू. ग्रीसमध्ये मिकोनोसजवळ डेलोस नावाचं छोटं बेट आहे. अपोलो देवाचं जन्मस्थान म्हणून प्राचीन काळापासून पवित्र मानलेलं, 1990 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. तिथे पर्यटकाला रात्री राहताच येत नाही. सकाळच्या बोटीने जायचं, भग्नावशेष पाहायचे, परतीच्या बोटीने निघायचं. इतकी शतकं जुनी जागा जपायचा उपाय म्हणून तिथल्या लोकांनी एका दिवसाचीच भेट ठेवली. लांब कशाला जायचं? आपल्या मुंबईजवळचं घारापुरी घ्या. गेटवेवरून लाँच पकडायची, लेणी पाहायची, संध्याकाळच्या आत परत. तिथेही पर्यटकाला रात्रीचा मुक्काम नाही. त्रिमूर्तीसमोर उभं राहिलेल्या माणसाला काही कळलंच नाही, असं कोणी म्हणेल का? पाहणाऱ्याची नजर चांगली असेल तर चार तास पुरतात. नसेल, तर चार रात्री रिसॉर्टच्या गच्चीवर घालवूनही चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड दिसायचा राहून जातो.

आता परतवाड्याचं सांगतो. चिखलदरा आमच्यापासून तीसेक किलोमीटर. धामणगाव गढी मागे पडली की घाट लागतो, आणि तासाभरात माणूस सुमारे 1,100 मीटर उंचीवर पोचतो. खाली अंगाला चिकटलेला सदरा वर गेल्यावर गार पडतो. मोथ्याला गाडी थांबते ती रबडीसाठी. गवळ्याच्या घरासमोर कढईत दूध आटत असतं. कडेला जमलेली साय उलथन्याने आत लोटत बसलेली बाई वर न पाहताच विचारते, किती द्यायची? द्रोण हातात आला की तो गरम लागतो आणि बाहेर धुक्याने चष्मा ओला झालेला असतो. तिथून भीमकुंड. श्रावणात तिथे दरी दिसत नाही, नुसता पाण्याचा आवाज येतो. मग एकदम वारा सुटतो, धुकं फाटतं, धबधबा अर्धा मिनिट दिसतो आणि पुन्हा झाकला जातो. तेवढ्या अर्ध्या मिनिटासाठी कठड्याला धरून शेपन्नास माणसं पाऊण तास उभी असतात. कोणी मोबाईल वर धरलेला, कोणी लेकराला खांद्यावर घेतलेलं, एखादी आजी पदर डोक्यावरून घेऊन कणीस सोलत बसलेली. ढग सरकला की सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघतो. यांना निसर्ग कळत नाही म्हणायचं असेल, तर कळणं म्हणजे काय ते तरी सांगा.

मुळात आमच्या वऱ्हाडात आनंदाला जायची रीतच सकाळी निघून संध्याकाळी यायची आहे. डिसेंबरात परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमची जत्रा भरते आणि जानेवारी संपेस्तोवर चालते. तिथे माणसं काय करतात? गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजतात, वांग्याची भाजी करतात, नाहीतर मातीच्या हंडीत मटण शिजवतात. झाडाखाली पंगत बसते आणि भांडी आवरून सांजेला मंडळी घरी. मुक्तागिरीची बावन्न देवळं पाहायला जाणारा माणूसही सकाळीच निघतो. हुरड्याच्या पार्टीला रात्री राहतो कोण? शेत-गोठा असलेल्या, सकाळ-संध्याकाळ धार काढणाऱ्या माणसाला दोन रात्री घर सोडणं जमतच नाही. दुकानदाराला शटर उघडायचं असतं. मजुराचा रोज बुडतो. या लोकांची सुट्टी एका दिवसाची असते, कारण त्यांच्या आयुष्यात तेवढीच मोकळी जागा असते. तिला कमी दर्जाची ठरवणारा माणूस पगारी रजेवर जगलेला असतो, एवढंच मला त्यातून समजतं.

मुक्कामाच्या थोरवीचा इतिहासही पाहून घेऊ. 1823 मध्ये हैदराबादच्या पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा शोधून काढला असं पुस्तकात छापलेलं असतं. त्याआधी तिथे कोरकू होते, गवळी होते, आणि गाविलगड तर त्याच्याही चारशे वर्षं आधी बहामनी सुलतान अहमदशहाने बांधून घेतला होता. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो गड घेतला, तेव्हाही डोंगरवाटांनी जड तोफा वर चढल्या होत्याच. म्हणजे रॉबिन्सन आला तेव्हा वाट माहीत नव्हती असं नाही. साहेबांना हवी होती उन्हाळ्यात महिना-दोन महिने बंगल्यात राहायची सोय. खाली परतवाड्याला छावणी, वर थंड हवेचे बंगले. चिखलदऱ्यात मुक्काम करणं हीच खरी पर्यटनाची रीत, ही समजूत त्या बंगल्यांच्या व्हरांड्यातून आपल्यापर्यंत आली आहे. सामान वाहून नेणारे, दूध-लाकूड पोचवणारे आमचे लोक तेव्हाही सकाळी जाऊन संध्याकाळी परततच होते. एका दिवसाच्या सहलीला स्वतःचा इतिहास नाही असंही नाही. थॉमस कुकचा धंदा सुरू झाला तो 5 जुलै 1841 ला, लेस्टरहून लफबरोला एका शिलिंगात नेऊन आणण्याने. दारूबंदीच्या सभेला निघालेली पाचशेच्या आसपास माणसं होती ती. आजच्या सगळ्या बड्या सहल कंपन्यांची खापरपणजी म्हणजे त्या दिवशीची रेल्वेची फेरी.

दुसरा आक्षेप पैशाचा. एका दिवसाचा पाहुणा गावाला काही देत नाही म्हणे. गावाला म्हणजे नेमकं कोणाला? मोथ्याची रबडी आणि खवा, रस्त्याकडेचं भाजलेलं कणीस, चहाची टपरी, पॉइंटवर भेळ विकणारा पोरगा, गडावर वाट दाखवणारा माणूस, ही सगळी मंडळी रविवारच्या गर्दीवर जगतात. त्यांच्याकडे रोख पैसा येतो आणि तो त्याच संध्याकाळी त्यांच्या घरात पोचतो. रात्र काढणाऱ्याचा मोठा खर्च खोलीभाड्याचा. न्याहारी त्यात धरलेली, रात्रीचं जेवण तिथेच. तो पैसा रिसॉर्टच्या मालकाकडे जातो, आणि तो मालक दरवेळी चिखलदऱ्याचाच असतो असं मानायला माझी तयारी नाही. मुक्कामाच्या पाहुण्यांमुळे नोकऱ्या मिळतात, हे खरं. कोरकू पोरं तिथे वाढपी, माळी, पहारेकरी होतात. पण टपरीचा मालक असणं आणि रिसॉर्टचा पहारेकरी असणं यांतलं कोणतं त्या पोराला आवडेल, ते त्यालाच विचारा.

आता त्या युरोपच्या दाखल्याकडे वळतो. व्हेनिसने 25 एप्रिल 2024 पासून एका दिवसाच्या पाहुण्यांवर 5 युरो शुल्क लावलं, आपले साडेचारशे-पाचशे रुपये. त्या वर्षी ते 29 दिवस होतं, बहुतेक शनिवार-रविवारी. 2025 मध्ये 54 दिवस केलं आणि ऐनवेळी येणाऱ्याला 10 युरो. इथपर्यंत दाखला बरोबर आहे. पुढचं मात्र कोणी सांगत नाही. व्हेनिस ज्या प्रांतात आहे त्या वेनेतो प्रांताच्या रहिवाशांना हे शुल्क द्यावं लागत नाही. म्हणजे व्हेनिसवाल्यांनी शेजाऱ्याला पाहुण्यांत मोजलं नाही. चिखलदऱ्याला व्हेनिसच्या जागी ठेवायचं असेल तर वेनेतोच्या जागी अमरावती जिल्हा तरी येतोच. मग परतवाडा, अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव इथला माणूस या शुल्कातून आपोआप सुटतो. दाखला द्यायचा तर पुरा द्या.

काप्रीचंही तसंच. बोटीतून उतरताना तिथे शुल्क घेतात, बरोबर. पण बेटाने खरा चाप लावला आहे तो गाड्यांना. हंगामाच्या महिन्यांत बाहेरच्या माणसाला स्वतःची गाडी बेटावर उतरवता येत नाही. तुम्ही या, तुमची गाडी नको. गर्दीचं दुखणं माणसांमुळे कमी आणि गाड्यांमुळे जास्त असतं, हे दहा चौरस किलोमीटरच्या त्या बेटाने ओळखलं. मोथ्याच्या रांगेत उभे राहून कधी मोजून पाहा. पन्नास माणसांची एसटी अडकलेली असते ती चार-चार माणसांच्या गाड्यांमध्ये. त्या गाड्यांत मुक्कामाचं आरक्षण असलेलेही असतात. त्यांची गाडी रस्ता कमी अडवते की काय? आणि हे करायला इटलीला जायची गरज नाही. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांची गाडी जात नाही. माणसं चालत जातात, घोड्यावर जातात, छोट्या रेल्वेगाडीने जातात. गर्दी तिथेही होते, पण रस्ता मोकळा असतो आणि श्वास घेता येतो. मोथ्याच्या खाली एक वाहनतळ करा, तिथून दर दहा मिनिटांनी एसटीची बस सोडा, गर्दीच्या दिवसांत खाजगी गाड्या वर सोडू नका, मुक्कामवाल्यांच्याही नाही. ही सूचना केली की शुल्काची भाषा करणारे एकदम गप्प होतात. त्यांना गर्दी दुसऱ्याच्या दुचाकीची वाटते, स्वतःच्या एसयूव्हीची नाही.

काप्रीचा आणखी एक किस्सा आहे, त्यांच्या बाजूचा वाटावा असा. 22 जून 2024 ला मुख्य भूमीवरून बेटाला येणाऱ्या पाण्यात बिघाड झाला आणि महापौरांनी पर्यटकांना बेटावर उतरायला मनाई केली. बघा, पाणी संपलं की पहिल्यांदा पाहुण्याला थांबवलं! मान्य. पण पाण्याचाच हिशोब करायचा तर नीट करू. मेळघाटातल्या कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. खडीमलसारख्या गावात विहिरीभोवती बायांची झालेली गर्दी सगळ्या महाराष्ट्राने छायाचित्रांत पाहिली आहे. चिखलदऱ्याची वस्ती जेमतेम पाच हजारांची. या डोंगरावर कोणाचा पाहुणचार पाण्याला महाग पडतो? पाण्याची बाटली घेऊन आलेल्या आणि संध्याकाळी परत गेलेल्या कुटुंबाचा, की जो सकाळ-संध्याकाळ अंघोळ करतो, रोज धुतलेली चादर मागतो आणि ज्याच्यासाठी पोहण्याचा तलाव भरून ठेवावा लागतो त्याचा? काप्रीवरचा गाजलेला लांब मुक्काम रोमच्या टायबेरियस बादशहाचा. इसवी सन 26 मध्ये तो गेला आणि मरेपर्यंत, म्हणजे दहा-अकरा वर्षं, मुख्यतः तिथेच राहिला. या एकट्या पाहुण्यासाठी बेटावर बारा वाडे होते असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. त्यातल्या सगळ्यात मोठ्या वाड्याच्या पोटात पावसाचं पाणी साठवायची प्रचंड टाकी खोदावी लागली, तिचे अवशेष आजही दिसतात. मुक्कामाने माणूस जागेशी एकरूप होतो म्हणणाऱ्यांनी या पाहुण्याचा हिशोब एकदा मांडून पाहावा.

रात्रीचं जंगलही विसरू नका. चिखलदऱ्याला लागून असलेला मेळघाट व्याघ्रप्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी. संध्याकाळी घाट उतरून गेलेला माणूस रात्री जंगलाला त्रास देत नाही. रात्रभर जळणारे दिवे, जनरेटर, हिरवळीवरचा डीजे हे सगळं राहणाऱ्यांसाठी चालतं.

कचऱ्याचं काय, हा प्रश्न मी टाळत नाही. भीमकुंडाच्या उतारावर चिप्सची पाकिटं अडकलेली दिसतात, गडावर दारूच्या बाटल्या फुटलेल्या सापडतात, आणि सायलेन्सर काढलेल्या दुचाक्या घाटातून नेणारी आमचीच पोरं असतात. मला त्यांची लाज वाटते. कठड्याबाहेर पाय सोडून फोटो काढणाऱ्यांना हुसकावायला पोलीस हवेत, बाटल्यांवर नाक्यालाच तपासणी हवी, प्लास्टिकवर अनामत घ्यावी आणि परत आणून दाखवल्यावर द्यावी. दंडाची पावती कोणाच्या नावाने फाटते याच्याशी मला देणं-घेणं नाही. पण घाण करणाऱ्याला घाण केल्याबद्दल पकडा, रात्री न राहिल्याबद्दल नको. बाटली फोडणारा खोली घेऊन राहिला की बाटली फोडायचं सोडतो, असा अनुभव कोणाचा असेल तर त्याने पुढे यावं.

बरं, गर्दी नको म्हणणारं हेच गाव गर्दी खेचणाऱ्या कामांची वाटही पाहत असतं. गोराघाटापासून हरिकेन पॉइंटपर्यंत सिडकोचा काचेचा स्कायवॉक, त्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे. त्याच्यावर कोण चढणार? तीन रात्री राहून पक्षी पाहणारे? असल्या गोष्टी एका दिवसाच्या पाहुण्यासाठीच बांधतात. तिकिटाला तो हवा आणि नाक्यावर तो नको, हे जमणार नाही.

परतवाड्याच्या माणसाला तर हा सगळा वादच थोडा चमत्कारिक वाटतो, कारण आम्ही आणि वरची गावं रोज एकमेकांकडे जात-येत असतो. मेळघाटातला कोरकू माणूस बाजाराला खाली येतो, अचलपूरच्या सरकारी दवाखान्यात येतो, बियाणं घ्यायला, मोबाईल दुरुस्त करायला, पोराच्या दाखल्यासाठी येतो. संध्याकाळच्या गाडीने परत जातो. परतवाड्याच्या बसस्थानकावर त्याने आमची गर्दी वाढवली म्हणून आजवर कोणी त्याच्याकडे मुक्कामाची पावती मागितली नाही. अचलपूर-परतवाडा या आमच्या लाखावर वस्तीच्या जुळ्या शहराने त्याचं येणं-जाणं धंद्याचा आणि शेजाराचा भाग म्हणून धरलं. मग आम्ही वर गेलो की लगेच आक्रमण कसं होतं?

आणि सगळ्यात मोठा फरक पडला आहे तो गेल्या काही वर्षांत, बायांच्या बाबतीत. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच, 2022 पासून, प्रवास मोफत होता. तेव्हापासून श्रावणात बचतगटाच्या, भजनी मंडळाच्या, नाहीतर एकाच गल्लीतल्या आठ-दहा बाया डबे बांधून लालपरीने चिखलदऱ्याला जाताना दिसतात. त्यांच्यातल्या कितीकींच्या घरच्यांनी त्यांना रात्री बाहेर राहू दिलं असतं? मुक्कामाची अट घातली तर नाक्यावर सगळ्यात आधी अडणार त्या ह्या. गाडीवाला पैसे भरून निघून जाईल, दुचाकीवाला आडवाटेने घुसेल. पिशवीत पोळी-ठेचा घेऊन आलेली बाई परत फिरेल.

शुल्क घ्यायचंच असेल तर घ्या, अगदी 20 रुपये सगळ्यांकडून सारखे घ्या, खोली असो वा नसो, आणि त्याचा पहिला हप्ता पॉइंटवरच्या स्वच्छतागृहांवर खर्च करा. मुक्काम करणाऱ्याला खोलीत संडास असतो. सकाळी सातच्या गाडीने निघालेल्या बाईला दुपारी तीनपर्यंत पाणी असलेली, आतून कडी लागणारी एकही जागा मिळत नाही, म्हणून ती दिवसभर घोटभर पाणीसुद्धा पीत नाही. मोथ्याला एक, भीमकुंडाला एक, देवी पॉइंटला एक, गडाच्या पायथ्याला एक, आणि प्रत्येक ठिकाणी झाडणारी-धुणारी पगारी बाई. त्यानंतर संध्याकाळची शेवटची एसटी तासभर उशिरा सोडा, म्हणजे अंधार पडायच्या धास्तीने वळणावर गाड्या दामटायची वेळ कोणावर येणार नाही.